युद्धकैद्यांसाठी नळ

कारगिलच्या उन्हाळ्यात दिल्लीतली लोकसभा विसर्जित झालेली होती, म्हणून युद्धाचा कारभार शिरूर तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेनं हाती घेतला. शत्रूचे पकडलेले सैनिक कुठं ठेवायचे, यावर सरपंच आप्पा तावातावानं बोलत होते. तेवढ्यात आमच्या आळीतल्या काकू उठल्या. आळीला नळ मिळावा म्हणून त्या वर्षभर भांडत होत्या.

"आप्पा, आमच्या आळीतल्या शाळंत ठेवा की कैदी."

"ठेवू. पर तिथं पाणी कुठं हाय?"

"मंग आणा. कैदी तान्हेले ठेवलं तर जगात शोभा हुईल. आमचं काय, आम्ही गावचेच."

माजी सुभेदारांनी गंभीरपणे अनुमोदन दिलं. देशाच्या अब्रूसाठी नळ एकमतानं मंजूर झाला आणि खरोखरच आला. कैदी काही आले नाहीत. सरपंचांनी नळ परत काढू नये म्हणून काकू दर सभेत कैद्यांची चौकशी करत राहिल्या.