काकांनी न म्हटलेली ओळ

प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीला काका तोंड मिटून घेत. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली, असं सगळी मंडळी म्हणत असताना ते समोरच्या भिंतीकडे पाहत. पुढची ओळ आली की पुन्हा सगळ्यांच्या आवाजात मिसळत. तुमच्याही उपासनेत असं कोणी असेल. जरा शेजारी कान देऊन पाहा.

आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या एका घरात शुक्रवारी आमचा मराठी बायबल अभ्यास भरे. गोल बसून पाळीपाळीने एकेक वचन वाचायचं. काका मूळचे तामसीकडचे, भाजीपाला पिकवणारे. आपल्या वाट्याला कुठलं वचन येणार हे ते आधीच हेरून ठेवत. क्षमेचं दिसलं की उठत.

"ताई, तुमी इकडं बसा. मले पंख्याचं वारं लागून राह्यलं."

"करंट गेला हाय, काका."

"मंग गरम होऊन राह्यलं."

एकदा आमच्या चर्चच्या पाळकांनी मुद्दाम उलट्या बाजूने वाचन सुरू केलं. शत्रूंवर प्रेम करण्याचं वचन नेमकं काकांपुढे आलं. "चष्मा इसरलो," ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. वाचलं मात्र नाही.

घरी जाताना मी म्हणालो, "काऊन असं करता, काका? नुसतं वाचाचंच त हाय."

"तुमाले नुसतं वाचता येते, मास्तर. मी वाचलं त मले ते करा लागन."

मग त्यांनी सांगितलं. काकू वारल्या तेव्हा सामाईक वावराच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा खणला होता. थोरला भाऊ आला आणि त्या खड्ड्यात उतरून उभा राहिला. "बाटलेलं मढं माह्या वावरात नको." प्रेत काठावर, तो खाली, हाताची घडी घालून. काका पाया पडले. तो हलला नाही. शेवटी बाजाराला जाणाऱ्या टेम्पोतले टोमॅटोचे क्रेट उतरवून त्यात काकूंना आदिलाबादला आणावं लागलं.

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. क्षमेवर बरं बोलतो. पण त्या संध्याकाळपासून, न पाहिलेल्या त्या भावाचं वाईट व्हावं असं मलाही मनापासून वाटू लागलं. अजून वाटतं.

शेवटच्या आजारात काकांनी एकच मागितलं. "थो येईन, मास्तर. लोकांले दाखवाले येईन. त्याच्या हातची माती माह्यावर पडू देऊ नका."

पाळक उशाशी होते. "काका, आता तरी सोडून द्या."

"देवाले मी सांगतो समोरासमोर. तुमी माती पाहा."

काकांना काकूंच्या शेजारीच जागा मिळाली. पेटी खाली गेली. एकेक जण मूठभर माती टाकून बाजूला होत होता. तेवढ्यात एक म्हातारा गर्दी सारत पुढे आला. काकांचंच नाक, काकांचंच कपाळ. ओळख पटवायला कोणाची गरज नव्हती. वाकून त्याने मूठ भरली. त्याचे डोळे ओले होते. ते मी पाहिलं.

मी त्याचं मनगट धरलं.

"मास्तर, सोडा," पाळक हळूच म्हणाले.

"माहा लहाना भाऊ हाय थो," म्हातारा म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि पकड आवळली.

त्याची बोटं एकेक करून उघडेपर्यंत मी थांबलो. माती त्याच्याच चपलांवर पडली.