श्रावणजींच्या कमरेवर आळ

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — बीपीची गोळी कधी चुकवतो, कोणत्या टपरीमागे विडी ओढतो — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही श्रावणजींना ओळखत नाही. ओळखत असता तर जीभ रेटली नसती.

श्रावणजी मिस्त्री म्हणजे भिलाईतला कमानीचा राजा. पावर हाउस म्हणतात त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड, तोंडात भंडाऱ्याकडची बोली, आणि हात असे की — काय सांगू? पिकअपला मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, एकावर एक रचलेली. ती जड मालासाठी. माल हलका असला की गाडी उड्या मारते. आणि मी वाहतो अंडी! तुम्हीच सांगा, कसं जमायचं? राजनांदगावकडून पावर हाउसला येईस्तोवर दर फेरीला ट्रे फुटायचे, आणि गाडीला असा वास, की ओळखीचे लोक नाक धरून नमस्कार करायचे.

दुसरे मिस्त्री हादरे झेलणारे नवे शॉकअप ठोकून मोकळे होत. श्रावणजी नाही. ते एक पट्टा काढायचे, दुसरा घासायचे, रबराचे बुश बदलायचे, शॉकअप तीन-तीनदा उतरवून पुन्हा चढवायचे. आणि शेवटी त्यांची ती परीक्षा. हौद्यात अंड्यांच्या वजनाएवढी वाळूची पोती भरायची, मालकाला स्टिअरिंगवर बसवायचं, आणि स्वतः मागे, बरोबर चाकांच्या वर, मांडी घालून, डोळे मिटून बसायचं. साठी उलटलेला माणूस! कंबर सांगेल तशी ते कमान बेतायचे. परत आले की पाना उचलत, आणि नेमक्या त्याच नटाला हात घालत. मी कितीदा नुसता बघत उभा राहिलोय. देवळातसुद्धा माझे हात इतक्या मनापासून जुळले नसतील.

माझ्या गाडीच्या वेळी निघताना त्यांनी एकच बजावलं. "प्रमोद, रोज जशी चालवतं तशीच चालव. मले दाखवासाठी नको चालवू."

इथवर सांगणं सोपं होतं.

मी रोज कशी चालवतो? दामटतो. दुकानं उघडायच्या आत माल पोचवायचा म्हणून खड्डा दिसला तरी ब्रेक नाही, हॉर्न. पण त्या दिवशी मागे श्रावणजी बसलेले. त्यांना वाटावं, हा ड्रायव्हर हाताचा हलका आहे — एवढीच माझी हाव होती. हसू येतं ना? सेक्टर 2 च्या रुंद रस्त्यांवरून, मग दुर्गकडच्या खड्ड्यांतून, मी नवरी घेऊन निघाल्यासारखी गाडी नेली. उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तू रोज अशीच चालवतं?"

"हव काकाजी, रोज अशीच."

हेच ते. त्यांनी माझ्या त्या खोट्या हाताला बेतून, एक पट्टा काढून, कमान नरम ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खऱ्या हातात ती दबून आपटायला लागली. निम्मा माल गेला. चूक कुणाची, ते मला तिथेच, रस्त्यावरच कळलं होतं. तरी मी तसाच शेडवर गेलो. तिथे तीन ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर ओरडलो, "काकाजी, तुमची कंबर गेली आता!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

ते भांडले नाहीत. गाडीखाली शिरले आणि सगळं उघडून बघितलं. "सारं तं बराबर आहे. मंग कावून आपटते, मले समजून नाही राहिलं." पुन्हा पोती भरली, पुन्हा मागे बसले. निदान तेव्हा तरी मी खरी गाडी चालवायची होती, नाही का? पण तशी चालवली असती तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. मी पहिल्यापेक्षाही हळू चालवली. त्यांची कंबर म्हणाली, गाडी ठीक आहे. मी म्हणालो, ठीक नाही. आणि त्यांनी — चाळीस वर्षं त्या कमरेवर जगलेल्या माणसाने — माझं ऐकलं. कंबर नको म्हणत असताना, आधी काढलेला पट्टा परत बसवला, शॉकअप कडक केले.

गाडी झाली लोण्यासारखी. आजही तशीच आहे. माझ्या बेफाम हाताखालीसुद्धा एक अंडं फुटत नाही. एवढ्या अपुऱ्या, खोट्या माहितीवर असं काम दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

पण त्यांच्या लेखी हिशेब साफ झाला होता. कंबर म्हणाली ते चूक निघालं, कमरेविरुद्ध केलं ते बरोबर आलं. "माही कंबर आता खोटं बोलून राहिली," ते म्हणाले, आणि त्यानंतर कुणाच्याच गाडीत मागे बसले नाहीत. स्टँडवर ड्रायव्हर म्हणू लागले, "मिस्त्री का अंदाज गया." त्यांचा अंदाज कुठे गेला होता? पण मी चहा पीत ऐकत राहिलो. वर्षाच्या आत शेड बंद झाली.

आता ते दुर्गला मुलीकडे असतात. त्यांच्या घरावरून मी रोज जातो. एकदाच आत गेलो. ते खुर्चीतून उठले, माझा हात धरला. "तू तोंडावर बोलला म्हणून मले समजलं रे. दुसरा चुप राहिला असता, अन् माह्या हातून एखाद्याची गाडी पलटली असती. उपकार झाले तुहे."

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ द्या काकाजी," मी म्हणालो, "वय झालं की होते चूक."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं.