बोटीवरचा तोफगाडा
आमचे हे सरकारी लढाऊ बोटीवर खलाशी होते, आणि माझा दादाही त्यांच्याच बरोबर. दोघं कर्जतहून एकाच गाडीने मुंबईला गेले, परतले ते हे एकटेच. तोफेच्या सरावात दादा गेला, एवढंच त्यांनी सांगितलं. कसा गेला, असं विचारलं की ते उठून गोठ्याकडे जात. त्या वर्षी गुरांना चारा कमी पडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात भात झोडून झालं आणि त्यांनी शिवणीच्या लाकडाची हातभर बोट कोरायला घेतली. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. सकाळी शेतं धुक्यात बुडालेली असत आणि ओटीच्या कडेला ठेवलेली ती बोट त्या पांढऱ्या पाण्यावरून चाललीय असं वाटे. मीही तिच्यावर बसून दूर कुठेतरी जाई. तिथे दादा भेटे, हसे. चुलीवरचं दूध उतू गेलं की मी घरी परत.

डोलकाठ्या, शिडं, नांगर भराभर झाले. अडलं ते तोफेच्या गाड्यापाशी. आमच्या गावाने तोफा पाहिलेल्या किल्ल्यावरच्या, त्यामुळे बैलगाडीसारखी मोठी चाकं हवीत असं जो तो सांगे. सुताराने तर न सांगता घडवूनही आणली. यांनी ती बाजूला ठेवली आणि हरभऱ्याच्या डाळीएवढी चार चाकं तासली. मग दोर. बोटीच्या कडेला दोन कड्या आणि त्यांत बांधलेला दोर तोफेच्या पाठीमागून. बार उडाला की तोफ मागे उसळते, तिला तो दोर आवरतो. मी सूत वळून दिलं, ते जाड म्हणाले. उकलून पुन्हा वळलं, तर बारीक. माझं डोकं फिरलं. ही तोफ उडायची नाही, बघणार कोण आहे, असं मी फटकारलं. ‘मी बघतो ना,’ ते म्हणाले.

दोर मनासारखा बसला त्या दुपारी त्यांनी माझ्याकडे चिमूटभर तांदूळ मागितले. तोफेभोवती एकेक दाणा मांडला.

‘ह्यो मी,’ चाकाजवळच्या दाण्याला बोट लावत ते म्हणाले. मग तोफेच्या अगदी मागचा दाणा. ‘ह्यो तुजा दादा.’

त्यांनी नखाने एका बाजूचं सूत तोडलं आणि तोफ सर्रकन मागे ओढली. दाणा चाकाखाली गेला.

‘हाक माराया येळच नाय मिळाला गं. त्याला कायबी कळलं नाय.’

वर्षभर हेच ऐकायचं होतं मला, आणि आता ऐकवत नव्हतं. मी रडले. तेही रडले, लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर.

बऱ्याच वेळाने मी सूत पुन्हा बांधलं. दादाचा दाणा उचलला आणि पलीकडे, कठड्याशी ठेवला. हळूच तोफ मागे ओढून पाहिली. ती त्याच्या बाजूने निघून गेली. बार उडताना कठड्याशी त्या जागी कोणीच उभं राहत नसे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. केसभर चुकलेलं चाक फेकून देणारा माणूस तो. ते त्या दाण्याकडे बघत बसले. मग बोटाला खळ लावून त्यांनी तो तिथेच चिकटवला.