पिंजाऱ्याच्या ओट्यावरची मुलं

लहान मुलांचा इतका मनापासून कंटाळा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि नंदुरबारातल्या आमच्या गल्लीतली निम्मी मुलं याच माणसाच्या ओट्यावर वाढली. धंद्यानं ते पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेच्या गिरणीत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती दोन वर्षं. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, मी मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि आमची मुलगी जेमतेम दहा महिन्यांची. घरात तिसरं माणूस नाही. शेजारणीनं चाचांचं नाव सुचवलं, तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे अजिबात पाहिलं नाही, आणि म्हणाले, "मी पोरे सांभाळत नई, मास्तरीणबाई. त्या आठे ऱ्हातस, इतलंच."

हे "राहणं" मोठं नमुनेदार असे. मिरचीचा हंगाम लागला की गल्लीतल्या बायका पथारीवर जात. पथारी म्हणजे गावाबाहेर मिरची वाळत घालायचं मैदान. तिथं दिवसभर देठ खुडायचे. तिखटाच्या त्या खकाण्यात तान्ही मुलं नेणार कशी? ती सकाळी चाचांच्या ओट्यावर येऊन पडत. चाचा त्यांच्यावर डाफरत, इथं धंदा चालतो की बाजार भरतो असं छपराकडे पाहून विचारत, आणि एकाचं नाक पुसता पुसता दुसऱ्याला पाय लांब करून पायऱ्यांपाशी अडवत. मुलांची नावं लक्षात ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी आपल्या कापसातलीच नावं देऊन टाकली होती. एक लठ्ठ मुलगा बोंड, एक लांबुडका पेळू. आमची मुलगी सरकी झाली. तिचं बारसं आम्ही पंचांग पाहून केलं होतं, पण त्या नावाला ती पुढं वर्षभर ओ देईना.

मी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेली. बालसंगोपनावरचं एक पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यावरून सुवाच्य अक्षरात एक वेळापत्रक तयार केलं: अकराला दूध, बाराला झोप, तीनला केळं. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला, मान डोलावली आणि अदबीनं परत दिला. "चांगलं शे," ते म्हणाले, "आते हाई पोरले समजाडी द्या."

दुपारी मुलं निजवायची त्यांची रीत कुठल्याच पुस्तकात नव्हती. कापूस ते पहाटेच पिंजून घेत. मुलांच्या नाकातोंडात तंतू जातात म्हणून नव्हे, पहाटे गार असतं म्हणून, असं ते मुद्दाम बजावत. दुपारी मग कापूस पिंजायची ती भलीमोठी कमान नुसतीच टांगून तिची तार छेडत बसत. एकाच सुराचा तो घुमारा ऐकून ओटाभर मुलं ओळीनं झोपत, आणि बरेचदा शेवटी चाचाही.

एकदा एका बड्या शेठजींच्या मुलाच्या लग्नाची गादी भरून तयार होती. बोंड आणि पेळू या दोघांनी मिळून ती ओली केली, आणि शेठजी नेमके त्याच वेळी दारात. चाचा जराही डगमगले नाहीत. नव्या जोडप्याची गादी आहे, पोरांनी शकुन करून दिला, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. शेठजींना रागवायचं होतं, पण हसू आवरेना. नवा कापूस घालून दुसरी गादी करून द्यायचं ठरलं आणि भिजलेली ओट्यावरच राहिली. अशी एक गादी मुलांना हवी असल्याचं चाचा महिनाभर कुरकुरत होते, म्हणून मला तो अपघात वाटत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात तळोद्याच्या वरच्या डोंगरातून आलेली एक बाई आपली दीड वर्षाची मुलगी त्यांच्याकडे ठेवू लागली. तिची बोली चाचांना कळत नसे, त्यांची तिला. खुणांवर काम चाले. एका संध्याकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पथारीवर विचारलं, तर ती दुपारीच कोणा माणसाबरोबर तरातरा निघून गेली एवढंच कळलं. गल्लीनं निकाल लावून टाकला: पोर टाकून गेली. तिसऱ्या दिवशी मीही शहाणपणानं म्हटलं की चावडीवर वर्दी द्यावी, सरकार काहीतरी सोय करील.

चाचा त्या मुलीला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. मान वर न करता म्हणाले, "पोर आठे शे. माय कोठे जाई?"

पण त्या दिवसांत त्यांनी कामाला हात लावला नव्हता आणि सारा वेळ ते रस्त्याकडे तोंड करून बसत, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती आली. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. चाचा तिच्यावर अहिराणीत कडाडले. ती रडत रडत तिच्या बोलीत सांगत सुटली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही थांबत नव्हते. मुलगी आईच्या गळ्याला मिठी मारून चाचांकडे पाहत होती. तेवढ्यात दुभाषा मिळाला: त्या बाईची आई शेवटच्या घटका मोजत होती, भाऊ बोलवायला आला, आणि मूल चाचांकडे आहे म्हणून ती निर्धास्त पळाली होती. चाचांनी ऐकलं, पाठ फिरवली आणि कमानीची तार ताणायला घेतली. ती चांगली ताणलेलीच होती. तरी बराच वेळ ताणत राहिले.

त्याच उन्हाळ्यात यजमानांची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा चाचांनी एकच विचारलं, सरकी आता दिवसभर कोणाकडे राहील. सासूबाई येणार आहेत म्हटल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली.

परतताना शेजारीण सहज बोलून गेली. आमची मुलगी पहिलं पाऊल टाकून चालली ती एका रविवारी, आमच्या घरात, असं मी सगळीकडे सांगत होते. त्या दिवशी मी धावत जाऊन चाचांनाही सांगितलं होतं, आणि ते तोंडाचा आ करून ऐकत राहिले होते. शेजारणीच्या बोलण्यातून कळलं की खरं तर ती त्याआधी आठ दिवस त्यांच्या ओट्यावर चालत होती. मास्तरीणबाईला सांगायचं नाही, अशी त्यांनी साऱ्या गल्लीला तंबी दिली होती.

मी तशीच मागे फिरले. ते कापूस झटकत होते. पहिलं पाऊल कसं टाकलं होतं तिनं, एवढंच मी विचारलं. पकडले गेल्यासारखे ते झटकता झटकता थांबले.

"डावा पाय," ते म्हणाले. "मंग पडनी. मंग हासनी."

मुलीला आता चाचा आठवत नाहीत. त्या वयातलं कोणाला आठवतं! पण ती हे कितीदा तरी माझ्याकडून ऐकते, आणि सांगताना मला उगाचच वाटत राहतं की मी ते पाहिलं आहे.