ब्रेकची ओटी

आमच्या लाइनीवर ब्रेकला माहेरपण म्हणायच्या. चितेगावच्या पुढं, पैठण रोडला, गाड्यांच्या वायरी बांधायची कंपनी. आम्ही सगळ्या बाया ठेकेदाराच्या. काही महिने झाले की ठेकेदार एकेकीला घरी बसवायचा, म्हणजे सलग नोकरी झाली असं कुणाला म्हणता येऊ नये. पंधरा-वीस दिवसांनी फोन आला तर परत यायचं, नव्यानं लागल्यासारखं, नव्या कार्डावर. नाय आला तर नाय. वर्षानुवर्षं त्याच स्टुलावर बसून टेप गुंडाळणारी बाई कागदावर कायम नवीनच.

जिला ब्रेक लागला तिची बाकीच्या चेष्टा करायच्या. "चालली का माहेरी? मज्जा हाय बाई तुझी!" आणि शेवटच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिची ओटी भरायच्या. ब्लाउजपीस, नारळ, मूठभर तांदूळ. भरल्या ओटीनं गेलेली बाई परत येती, असं मावशीचं म्हणणं. मावशी म्हणजे लाइनीवरची सगळ्यात जुनी बाई, बिडकीनकडची, शेतकऱ्याघरची. आमच्यात, बौद्धांच्यात, ओटीबिटी नाय. माझ्या सासूला कळलं असतं तर तिनं तो नारळ माझ्याच डोक्यात घातला असता. पण लाइनीवर तो विषय कुणी काढत नव्हतं. मी पण नाय काढला. नारळाची चटणी चांगली व्हायची.

माझा ब्रेक लागला तेव्हा मला पाचवा महिना चालू होता. दिसत नव्हतं. मी अंगानं बारीक, त्यात कंपनीचा ढगळ ॲप्रन. फक्त मावशीला माहीत होतं, कारण मला उलटी आली की तीच माझ्या जागेवर हात चालवायची. कामावर असताना कळलं तर त्यांना पगारी रजा द्यावी लागती, बाळंतपणानंतर परत घ्यावं लागतं. तसा कायदाच हाय. ब्रेकमधी असताना कळलं तर त्यांना काहीच करावं लागत नाय, नुसता फोन करायचा नाय. म्हणून मी ठरवलं होतं, गुपचूप घरी जायचं, फोन आला की स्टुलावर येऊन बसायचं आणि मंगच तोंड उघडायचं. नवऱ्याचं काम आज हाय तर उद्या नाय. आमचा सगळा जीव त्या रजेत अडकला होता.

मावशीनं त्या दिवशी मला ओटी बघूच दिली नाय. "डोळे मिट गं," म्हणली, पदरात काय काय टाकलं आणि तिनंच ते सगळं टॉवेलात बांधून माझ्या पिशवीत कोंबलं. "घरी जाऊनच सोड." तिचे डोळे भरून आले होते. मला लाज वाटली, कारण मला काहीच वाटत नव्हतं. पाय दुखत होते एवढंच.

गेटवर सुपरवायझर बाई पिशव्या तपासायची. तांब्याच्या वायरी चोरीला जातात म्हणून. तिनं टॉवेलाची गाठ सोडली. आत नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. आणि पाच फळं. आणि हिरव्या बांगड्या. लाइनीवर बांगडी घालायला बंदी, तरी मावशीनं कुठूनशी आणलेल्या. ब्रेकच्या ओटीत फळंबांगड्या कुणी घालत नाय. त्या पोटुशीच्या ओटीत घालतात. मावशीच्या हातानं आयुष्यभर जे केलं तेच केलं, तिला राहवलं नसेल.

सुपरवायझर बाई पण लेकुरवाळी. ती एकदा बांगड्यांकडं बघत राहिली, मंग माझ्याकडं. लई मायेनं विचारलं, "कितवा गं?"

"पाचवा," मी म्हणले.

तोंडातून निघून गेलं. माझी आई गेल्यापासून मला कुणी असं विचारलंच नव्हतं. "जप हं," ती म्हणली. तिनं फळं नीट रचली, टॉवेल होता तसा बांधला, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. मी काळी-पिवळीत बसले आणि घरी आले.

फोन आला नाय. मावशीचा मात्र रोज यायचा, जेवणाच्या सुट्टीत. "आला का गं त्यांचा फोन?" "नाय." "येईल, येईल. मी ओटी भरलीय." मी व्हय म्हणायचे. मंग एक दिवस तिनंच सांगितलं की माझ्या स्टुलावर नवी पोरगी बसवली. लेबर ऑफिसात गेले तर तिथला साहेब म्हणला, तुम्हाला काढलं कुठंय, तुमची मुदत संपली. म्हणजे काढलं पण नाय आणि ठेवलं पण नाय. मला भांडायला पाहिजे होतं. मी त्याच्या टेबलावरच्या काचेकडं बघत बसले आणि उठून आले. ना राग, ना रडू. फळं पण मी एकेक करून खाल्ली, भूक होती म्हणून.

गेटवर तिच्या बांगड्यांनीच कळलं, हे मावशीला मी कधीच सांगितलं नाय. मुलगी झाली तेव्हा ती पाळण्यापाशी बसून म्हणली, "हिची पहिली ओटी मीच भरली." व्हय, म्हणले.

पुढं मी परत त्याच कंपनीत लागले, दुसऱ्या ठेकेदाराकडं. ब्रेक तसाच हाय. मावशी आता घरी असती आणि लाइनीवर सगळ्यात जुनी मी. ओटी भरायचं माझ्याकडं आलंय, बौद्धाची असून. कुणी विचारत नाय.

मागं एका पोरीचा ब्रेक लागला. तिनं दिवस गेल्याचं फक्त मला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी तिनं घरनं हिरव्या बांगड्या आणल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ताई, माझ्या ओटीत घाला ना. मला आई नाय. माझी कोण भरणार?"

मी बांगड्या माझ्या ब्लाउजात लपवल्या. तिच्या पदरात नारळ टाकला, तांदूळ टाकले, ब्लाउजपीस टाकलं. ती वाट बघत उभी राहिली.

"बास," मी म्हणले.

ती रडत गेटवर गेली. पिशवी उघडली, काही निघालं नाय. सुपरवायझर बाईनं विचारलं, "रडती कशाला गं?" मागून मीच ओरडले, "माहेरी जायला कुणी रडतं का, येडी!" सगळ्या हसल्या.

तिला फोन आला. परत आली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज उघड दिला. माझ्याशी ती अजून बोलत नाय. माझ्या शेजारच्याच स्टुलावर बसती, पोट टेबलाला टेकवून टेप गुंडाळती. तिच्या बांगड्या माझ्या डब्याच्या पिशवीत हायेत. तिची रजा मंजूर झाली की देईन.