बुर्गाने खोडलेली वाट

बर्फ पडून गेला की बुर्गाला घरात बसवत नसे. गोठ्यातले दूध काढून होते न होते तोच तिची नजर खिडकीबाहेर हॉखकारच्या उतारांवर भिरभिरू लागे, आणि नवरा सेराफिन पाव कापता कापता म्हणे, "जा बाई एकदाची. नाहीतर दिवसभर माझ्या डोक्यावर नाचशील."

हॉखकार म्हणायला एक डोंगर. पायथ्याशी लार्चच्या सूचिपर्णी झाडांचे विरळ रान, वर गुरांची उन्हाळी कुरणे, त्याहून वर पूर्वेकडे उघडणारी उभी घळ आणि घळीला लागून वाऱ्याने घासून काढलेली खडकाळ सोंड. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून या साऱ्यातून पहिली वाट पाडायची, हे सर्वांत कष्टाचे काम. जो ते करील, त्याने कोऱ्या उतारावरून सर्वांआधी घसरत यावे, हा खोऱ्यातला अलिखित रिवाज. बुर्गा लग्न होऊन आल्यापासून हा मान बहुतेक वेळा तिचाच राहिला होता. तिची वाट दिसली की मागचे लोक मान वर करून पाहतही नसत.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती नेहमीप्रमाणे घळ आडवी ओलांडत होती. मध्यावर आली तोच पायांखालचा बर्फ, भरल्या पोत्यावर कोणी बसकण मारावी, तसा धप्प आवाज करून खचला. पण हिमलोट होऊन सुटला नाही. पलीकडे पोहोचल्यावरच तिने श्वास सोडला. रात्री वारा फिरला होता, सोंडेवरचा सारा बर्फ त्याने घळीत आणून लोटला होता. हे तिला रानातच कळायला हवे होते. पाय मात्र सवयीने इकडे वळले होते. आता ऊन चढणार, बर्फ सैल होणार. आणि खाली, तिच्याच वाटेने, शेजारचा फिगिल आणि त्याची मुलगी रेग्ला वर येत होती.

शिखर सोडून, कोरा उतार सोडून, ती सोंडेवरून खडखडत खाली आली. घळीच्या तोंडाशी ती दोघे भेटली.

"काय गं, दगडांवर स्कीला धार लावत होतीस होय?" फिगिल हसला.

"घळीत जाऊ नका."

"अगं, तुझीच वाट आहे की!"

"म्हणून तर सांगतेय. चुकले मी."

"पण काकू, तू तर गेलीस सुखरूप," रेग्ला म्हणाली.

"तेव्हा गारठा होता, पोरी. आता ऊन बघ कुठवर आलंय."

"म्हातारी झालीस बुर्गा," फिगिल पुटपुटला.

स्की आडव्या करून घळीकडे जाणारी स्वतःची वाट तिने तुडवून मोडून टाकली आणि सोंडेवरून नवी पाडायला घेतली. फिगिल कुरकुरत तिच्या मागोमाग निघाला.

घळ त्या दिवशी सुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी चर्चबाहेर फिगिलने किस्सा रंगवला: "हिने आम्हाला दगडांतून फरफटवलं, अन् घळ आपली घोरत पडलेली!" सारे हसले, बुर्गाही. घरी येऊन मात्र ती खिडकी आणि चूल यांच्यामध्ये येरझारा घालत राहिली. तिच्या बाजूने साक्ष द्यायला बर्फ खचल्याचा तो एक आवाजच होता, आणि तो तिच्यावाचून कोणी ऐकला नव्हता.

पुढच्या बर्फानंतर ती पुन्हा पुढे गेली. कुरणांवरून वळून पाहिले, तर तिच्या वाटेने येणारी रेग्ला रानाच्या कडेला थांबली होती आणि उतार सुटेल का हे पाहायला फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर बोटांनी चाचपत होती. बुर्गाला आधी राग आला. तिच्या वाटेवर आजवर असे कोणी थांबले नव्हते. मग, पायांना पुढची ओढ असूनही, मुलीचे फावडे थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.