जावयाचा पगार

बाबांनी भाजीची वाडी विकून मोटर घेतली, ती परतवाडा ते धारणी चालायची. पॅसेंजर भरपूर, मोटरही बरी. टिकत नव्हता तो ड्रायव्हर. मेळघाटातले घाट, वाघाची भीती, त्यात बाबांची जीभ. एकेक जण महिना-दोन महिने काढायचा आणि अमरावतीची वाट धरायचा.

मग आमच्याच जातीतला एक पोरगा मिळाला, अकोल्याकडचा. घाटातही पोटातलं पाणी हलू द्यायचा नाही. हाही गेला तर मोटर बसलीच, हे बाबांना कळत होतं. बैलाला दावं लागतं अन् ड्रायव्हरला बायको, असं म्हणत त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच्याशी लावून त्याला घरजावई केलं. तिला कोण विचारतो! गावानं मात्र बाबांच्या हुशारीचं कौतुक केलं.

आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाबांनी त्याचा पगार बंद केला. जावयाच्या हातावर पगार ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, असं ते खरोखरच मानत. दोन वेळचं जेवण, सणाला धोतरजोडा. आणखी काय पाहिजे? भाऊजींना बिडीसाठीसुद्धा सासूपुढे हात पसरावा लागे. बहिणीनं आईकरवी बाबांना सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "घरच्या मानसाले कोनी पगार देते का? लोकं काय म्हनतीन?"

लढाईचे दिवस होते. अमरावतीला फौजेत ड्रायव्हरांची भरती चालली होती. एका सकाळी भाऊजी मोटर धुऊन, चावी देवापुढे ठेवून निघून गेले. पत्र पाठवतो, असं बहिणीला सांगून गेले होते. पत्र आलं नाही, तारही आली नाही. कुंकू लावताना तिचा हात मध्येच थांबायचा. मला ते बघवत नसे.

मोटर अंगणात उभीच होती. वर्षभरानं बाबांनी नवा ड्रायव्हर शोधून आणला. हाही जातीतला, बिनलग्नाचा. त्याला जेवायला बसवलं आणि मला नवं लुगडं नेसून वाढायला यायला सांगितलं. मला सगळं समजलं. वरणाची वाटी हातात घेऊन मी स्वयंपाकघरातच थांबले.

बहीण चुलीपुढून उठली. माझ्या हातातली वाटी तिनं काढून घेतली आणि बाहेर जाऊन स्वतःच वाढायला लागली. बाबांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पाहुण्याच्या ताटात वरण घालता घालता ती हळूच म्हणाली, "याले पगार द्या, बाबा. माही बहीण देऊ नोका."